हातचा श्वास

"दाबा. सोडा. थांबा. घाई नको," नर्स म्हणाली. सुताराने जावयाच्या हातून रबरी फुगा घेतला आणि दाबला. लेकीची छाती वर आली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

सापाच्या विषाने तिचं अंग लुळं पडलं होतं. पापण्या मिटलेल्या, बोटसुद्धा हलत नव्हतं. श्वासही थांबलेला. विषावरचं औषध चढवलं होतं, पण मोठ्या इस्पितळातून श्वासाचं यंत्र येईपर्यंत घशातल्या नळीतून हातानेच श्वास द्यायचा होता. नवरा, दीर, जाऊ आळीपाळीने बसून थकले होते.

"मेंदू शाबूत आहे," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "तिला सगळं ऐकू येतंय. बोला तिच्याशी."

म्हणूनच सुतार बोलत नव्हता. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून पाच वर्षांपूर्वी त्याने तिला घराबाहेर काढलं होतं. हट्टात तीही त्याचीच लेक. "तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही," म्हणून गेली ती गेली. पाणी नको म्हणणारीला त्याच्या हातचा श्वास कसा चालेल? तिला कळलं आणि मनस्तापाने काही बरंवाईट झालं तर? त्याने ओठांवर बोट ठेवून जावयाला दटावलं. जावयाने मान हलवली. सासऱ्या-जावयाचं हे पहिलंच संभाषण, तेही मुकं.

तीन तास त्याने फुगा कुणाच्या हाती दिला नाही. मनगटाला रग लागली, बोटं वळेनात. नर्सने दोनदा उठायला सांगितलं, दोन्ही वेळा त्याने नुसती मान हलवली. यंत्र आलं तसा तो मुकाट्याने बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. रात्री तिथेच काढल्या.

तिसऱ्या सकाळी तिची नळी निघाली. सुतार दाराच्या पडद्याआड उभा राहिला.

"बाबांना आत बोलवा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बाबा? ते कुठे आलेत?" जावयाने ठरल्याप्रमाणे थाप मारली.

"मला नका सांगू. तुम्ही सगळे घाबरून भराभर दाबत होतात. एकच हात माझा श्वास पुरता बाहेर पडेपर्यंत थांबत होता. लहानपणी मला झोका द्यायचे, तस्सा. आधी मागे येऊ द्यायचे, मगच ढकलायचे."

पडदा हलला. तिने तिकडे पाहिलं नाही.

"तोवर मी भीतीने नुसती जागी होते हो," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांचा हात आला आणि मला झोप लागली."