आमेनच्या आधी

कोल्बीने आइस टीत दोन चमचे मीठ घातलं आणि शांतपणे ढवळायला लागला.

नोरीनचा हात पावांच्या टोपलीवरच थांबला. ती पुढे होणार एवढ्यात तिच्या नवऱ्याने, रॉइसने, मुलापुढचा ग्लास उचलला आणि स्वतःचा तिथे ठेवला. “लक्ष कुठंय, गड्या? साखर त्या बाजूला,” एवढंच म्हणाला आणि पोरांना पुन्हा बचावाच्या जागा समजावू लागला. रॉइस शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच. आज तो बाकी कुणाचाच कुणी नव्हता.

सामन्याच्या दिवशी दुपारी संघाचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये. आज सगळं गावच लोटलं होतं. कापसाचा हंगाम ऐन भरात, तरी जिनिंग मिल बंद. दुकानांच्या काचांवर पोरांची नावं रंगवलेली. सहाच जणांचा संघ उतरवायचा, तर शाळेला राखीव म्हणून सातवा मुलगा मिळता मिळत नाही. आणि अशी शाळा एकेक संघ लोळवत बाद फेरीत पोचली होती. याआधी पोचली तेव्हा गावातल्या आजच्या टकल्यांना झुलपं होती.

“अगं नोरीन, तोंड असं काय झालंय? खेळायचंय पोरांना, तुला नाही!” डार्लीन चिकनचं पातेलं आदळत म्हणाली. चर्चचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. “बाकी पोरगा वाघ आहे हं तुझा. गेल्या शुक्रवारी काय धडक घेतली! हेल्मेटचा आवाज पार वरच्या बाकापर्यंत आला.”

नोरीन कशीबशी हसली. तो आवाज आठवडाभर तिच्या कानातून गेला नव्हता.

धडकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी विसळत होती. कोल्बी मागच्या अंगणात उभा होता, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून. “रस्टी! ये रे, रस्टी!” तो हाका मारत होता. रस्टीला, त्यांच्या कुत्र्याला, जाऊन चार वर्षं झाली होती. पिकॅनच्या झाडाखाली रॉइसनेच त्याच्यासाठी खड्डा खणला होता. नोरीनने घाबरून गॅरेजकडे पाहिलं. आत रॉइस पिकअपचं काहीतरी काम करत होता. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

कोल्बी भानावर आला तो तिला बघूनच. “आई, बाबांना नाही सांगायचं. डॉक्टरला नाही. कुठल्याच माणसाला नाही.”

“अरे, डोकं आहे ते. हात-पाय नव्हे.”

“एक सामना, आई. पुन्हा नाही यायचा हा माझ्या आयुष्यात. बाबांच्याही. शपथ घे.”

आणि तिने घेतली. स्वयंपाकघरातल्या बायबलवर हात ठेवून. पहाटे गुडघे टेकल्याशिवाय कॉफीलाही न शिवणारी बाई ती. दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता. आता तोच शब्द घशात हाडासारखा अडकला होता. पलीकडच्या गावातला एक मुलगा अशाच दुसऱ्या धडकेनंतर उठला नव्हता. त्याच्या आईकडे जेवणाचं भांडं घेऊन नोरीनच गेली होती. त्या बाईने भांडं घेतलं आणि दारातच उभी राहिली, कुठे ठेवायचं ते न कळून.

“चला, हात धरा,” पाद्री ब्रदर हॉलिस म्हणाले. “ज्याने त्याने आपापल्या पाळीला प्रार्थना करायची. चिकन गार होतंय, तेव्हा देवाला थोडक्यात सांगा.”

हशा पिकला. मग वर्तुळ झालं आणि डोळे मिटले गेले. कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, हे इथलं पोर चालायला लागायच्या आत शिकतं. नोरीनच्या एका हातात कोल्बीचा हात होता, दुसऱ्यात रॉइसचा.

डार्लीनने देवाकडे पंचांसाठी चांगली नजर मागितली. कोल्बीने बळ मागितलं. मग नोरीनची पाळी आली. तिची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती. अन्नाबद्दल आभार, आमेन.

“देवा, या अन्नाबद्दल आभार,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, जेमतेम ऐकू येणारा. पण आमेन आलं नाही.

“देवा, कुठल्याच माणसाला सांगणार नाही असा शब्द दिलाय मी. म्हणून तुला सांगते.”

कोल्बीने तिची बोटं करकचून आवळली. तिने हात सोडला नाही.

“माझ्या मुलाचं डोकं ठिकाणावर नाही. गेल्या शुक्रवारपासून. त्याला उजेड सोसत नाही. चहात मीठ घालतो. मेलेल्या रस्टीला अंगणात उभा राहून बोलावत होता. आज पुन्हा धडक बसली आणि तो तुझ्याकडे आला, तर मला चालणार नाही. मला तो माझ्याकडे हवाय. ज्याच्या कानावर घालायचं त्याच्या कानावर तूच घाल. आमेन.”

कुणी डोळे उघडले नाहीत. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण थडथडत होतं. आता रॉइस हात झटकेल, आता ओरडेल, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी राहिली. त्याचा तळवा घामाने थबथबला होता. मग तिच्या ध्यानात आलं, तो आत्ता नव्हता भिजला. वर्तुळ झालं, त्याने तिचा हात धरला, तेव्हापासूनच भिजलेला होता.

पाळी त्याची होती. त्याने घसा खाकरला. पुन्हा एकदा खाकरला.

“देवा,” रॉइस म्हणाला, “रस्टीला मारलेल्या त्या हाका मीही ऐकल्या होत्या.”