नाकारता येत नाही

गेल्या जानेवारीतील तिसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, अमरावतीच्या राजापेठेतील एका मंगल कार्यालयात प्राध्यापक उद्धवराव पाठक भर सभेत उठून उभे राहिले. व्यासपीठावर गर्भसंस्काराचे वर्ग चालवणारे देवानंद महाराज बोलत होते, आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर उद्धवरावांच्याच प्रबंधातील आकृती झळकत होती. तिच्याखाली लिहिले होते : ‘आईचा अश्रू, बाळाच्या जनुकाला कुलूप.’

“ही आकृती माझी आहे,” उद्धवराव गरजले, “आणि हे वाक्य धादांत खोटे आहे!”

“बसा ना बाप्पा खाली!” मागून कोणीतरी ओरडले. उद्धवराव बसले नाहीत. अज्ञान त्यांना सोसवे. अर्धसत्य सोसवत नसे.

“जनुकांचा धागा पेशीत प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही प्रथिनसंच ते वेटोळे सैल करतात, तेव्हा जनुक बोलू लागते. काही ते आवळतात, तेव्हा ते मुके होते. म्हणूनच वारसा एकच असूनही डोळ्याची पेशी डोळ्याची राहते आणि यकृताची यकृताची. त्या प्रथिनांना तुमचे मंत्र ऐकू येत नाहीत, महाराज, आणि आईचे रडणेही ऐकू येत नाही!”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक गरोदर बाई उठली. वलगावची प्रणिता. तिच्या पदराला सहा वर्षांची आचल बिलगली होती. आचल जन्मापासून एक शब्द बोलली नव्हती.

“सर, ही पोटात असतानी माहे बाबा गेले. मी लय रडली. म्हून ही मुकी झाली म्हंतात. आता पोटातल्यावर हिची सावली नको म्हून घरचे हिले उद्या अकोल्याच्या वसतिगृहात टाकून राह्यले. तुमी सांगा ना. माह्या रडण्यानं झालं का हे?”

“मास्तरले काय इचारून राह्यली?” शेजारी बसलेली तिची सासू गोदाबाई खेकसली. मग तिनेच उद्धवरावांना आपादमस्तक न्याहाळले. “बरं, सांगा बाप्पा. तुमी शिकेल मानूस हाय. तुमी नाही म्हना, पोरगी घरीच राहीन.”

‘नाही’ हा शब्द उद्धवरावांच्या जिभेवर आला होता.

“शंभर टक्के नाही, सर?” देवानंद महाराजांनी मंद हसत विचारले. “शास्त्रज्ञ आहात. जपून बोला.”

उद्धवराव थबकले. रागाच्या भरात आपले मघाचे विधान जरा अतिव्याप्त झाले, हे त्यांच्या ध्यानात आले. अतोनात ताण दिलेल्या उंदरिणींच्या पिलांत अशा आवळणीच्या पुसट खुणा आढळल्या होत्या. माणसांतील पुरावा तुटपुंजा होता. या मुलीची तर कसली तपासणीच झालेली नव्हती. जिथे ‘बहुधा नाही’ एवढेच म्हणता येते, तिथे त्यांनी आयुष्यात कधी ‘नाही’ लिहिले नव्हते. आणि या भोंदूसमोर तर त्यांना मुळीच चुकायचे नव्हते.

“बहुधा नाही,” ते एकेक शब्द तोलून म्हणाले. “तसा पुरावा नाही. मात्र शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.”

विधान निर्दोष होते. त्यातला एकही शब्द कोणाला खोडता आला नसता. प्रणिता मटकन खाली बसली.

उद्धवराव त्वेषाने पुन्हा व्यासपीठाकडे वळले. “आता माझा दुसरा आक्षेप!”

त्यांच्या पाठीमागे गोदाबाईने आचलच्या मुठीतून आईचा पदर सोडवला.

“आयकलं ना? आता त शिकेल मानसानंबी सांगतलं. पोरगी उद्या अकोल्याले जाईन.”