जोडून का तोडून

गोरक्षची बायको यमुना यंदा मॅट्रिकला बसली होती. तिला इंग्रजी शिकवायचे पुणतांब्याच्या शाळेतले तरणेताठे पाठकसर, आणि घरात उठता-बसता तिच्या तोंडी त्यांचंच नाव. साखर कारखान्यात कारकुनी करणारा गोरक्ष आतल्या आत जळायचा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, “अहो, ‘ऑल राइट’ जोडून लिहायचं का तोडून? सर म्हनत्यात तोडून.” सरांचं बरोबर आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो खेकसला, “तुझ्या सरांना काय कळतंय? जोडून लिही!” दुसऱ्या दिवशी पेपर सुटला तेव्हा सर आणि गोरक्ष दोघंही फाटकाशी उभे होते. “ऑल राइट आलं होतं ना? तोडून लिहिलंत?” सरांनी विचारलं. “न्हाई सर, जोडून. ह्यांनी सांगितलं. हे मला चुकीचं सांगनार न्हाईत.” सरांनी गोरक्षच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तसंही चालतं, वहिनी.”