पालथा फोटो

हृदयाच्या फोटोत खालच्या कडेला काळा डाग होता. नारिंगी कड्याचा लचका तोडल्यासारखा.

"या भागाला रक्त पोचत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "अँजिओग्राफीला पाठवू. आणि तोवर यांची क्रेन बंद."

क्रेनवाला बाहेर बाकावर बसला होता. बावीस वर्षं साठ मीटर उंचीवर काम केलेला माणूस. बायको शेजारी फाईल छातीशी धरून.

टेक्निशियन ताई स्क्रीनसमोरून हलल्या नाहीत. "सर, हा डाग हृदयाचा वाटत नाही मला. पोट सुटलं की छातीखालचा पडदा वर चढतो, त्याची सावली पडते. पालथं झोपलं की तो बाजूला सरतो. त्यांना पालथं झोपवून एक फोटो काढू या."

"वाटतं म्हणून रिपोर्ट लिहिता येत नाही, ताई."

"म्हणूनच काढू या म्हणतेय. पुन्हा इंजेक्शनही नको, फोटोसाठी मघाशी दिलेलं औषध अजून अंगात आहे."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाहेर अजून चार पेशंट होते.

"दहा मिनिटं. जास्त नाही."

पालथं व्हायचं म्हटल्यावर क्रेनवाला टेबलाच्या अरुंद फळीकडे बघतच राहिला. दारातून बायको म्हणाली, "झोपा की! घरी कधी सांगावं लागत नाही."

तो हसला.

"आता हसायचं नाही हं," ताईंनी त्याच्या छातीखाली उशी सरकवली. "हललात तर सगळी मेहनत पाण्यात."

कॅमेरा त्याच्याभोवती संथपणे फिरू लागला. भर वाऱ्यात टनाटनाची ओझी अधांतरी धरणारा तो माणूस. बोटभरही हलला नाही.

स्क्रीनवर नवा फोटो उमटला. कडं अखंड होतं. खालची बाजूही वरच्याइतकीच झळझळीत.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग ते स्वतःच उठून बाहेर गेले.

"ठणठणीत आहे हो तुमचं हृदय!"

"म्हणजे सोमवारी चढू?"

"खुशाल चढा."

बायकोने फाईल नवऱ्याच्या पाठीत हाणली आणि तिला रडू फुटलं.

डॉक्टर आत आले तेव्हा ताई उशीचा अभ्रा बदलत होत्या.

"ताई, गेल्या दोन महिन्यांत असा डाग आणखी किती जणांना निघाला असेल?"

ताईंनी एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"अकरा," त्या म्हणाल्या. "फोन नंबर लिहून ठेवलेत."