कमोडची खुर्ची
आयर्लंडमधल्या ट्रली गावी लेकीकडे राहणाऱ्या सुलक्षणाबाईंनी परवा जावयाच्या स्पीकरफोनवर मुलाची बढाई स्वतःच्या कानांनी ऐकली. तिथल्याच कॉर्क शहरातला विद्याधर सांगत होता, “टॅक्स रिटर्नमध्ये आईला मीच सांभाळतो असं दाखवलंय. मिळणारी सूट सोडायची कशाला?” चार वर्षांत या पठ्ठ्यानं आईला साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. बाई पेटल्या. आज त्याच्याकडे सत्यनारायण होता, घर पाहुण्यांनी भरलेलं. वॉकर टेकत त्या आत शिरल्या. मागोमाग लेकीनं त्यांची कमोडची खुर्ची आणली आणि देवाचा मान राखून चौरंगापासून लांब, पण पाहुण्यांच्या अगदी डोळ्यांसमोर ठेवली. विद्याधर पांढराफटक पडला. “आई, हे काय?” “राहायला आले. सरकारला तूच कळवलंस ना, मला सांभाळतोस म्हणून?” प्रसाद वाटणारी सून जागीच थबकली. बाई खुर्चीवर ऐसपैस बसल्या. “मग विदू, या खुर्चीचं भांडं उद्यापासून रोज सकाळी तूच धुवायचंस.”