वाटून लावलेलं मलम

वॉर्डातल्या एकूण एक बाईचे फोड अर्धेमुर्धेच सुकलेले पाहून डॉक्टर ऋजुता चक्रावल्या. निम्म्या बायकांना नव्या औषधाची निळी ट्यूब दिली होती, निम्म्यांना साध्या मलमाची लाल. मग निम्म्या तरी ठणठणीत व्हायला नकोत?

"आम्ही वाटून लावलं," हौसाबाई म्हणाल्या. "एका हाताला निळं, दुसऱ्याला लाल. शेजारच्या खाटेवरची कण्हत पडलेली, अन् आपण एकटीनं बरं व्हायचं? शोभतं का?"

ऋजुतांनी कपाळावर हात मारला. सगळं संशोधन पाण्यात! पण दुसऱ्याच क्षणी त्यांचे डोळे लकाकले. एकाच बाईच्या दोन हातांवर दोन मलमं! याहून चोख तुलना कुठे मिळणार?

"हौसाबाई, निळं कुठल्या हाताला लावलंत?"

"रोज आलटूनपालटून, बाई. दुसऱ्या हातानं काय आपलं घोडं मारलंय?"