लाल खोकला

रिपोर्ट डॉक्टर ऋतिका यांच्या हातात होता, तरी काशिनाथचं चाललंच होतं. "मिनेर तो, डॉक्टरबाय. इतकी वर्सां सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चलवतंय. छातीत ढीग जमलो आसतलो. आता थोडो थोडो भायर येता."

गोव्यातल्या साखळी गावच्या त्या छोट्या दवाखान्यातली नर्सही हसली. हसणारच. खाणपट्ट्यात लाल खोकल्याचं कुणाला नवल नाही. मिनेर म्हणजे लोखंडाचं खनिज; त्याची तांबडी धूळ झाडांवर बसते, कौलांवर बसते, ट्रकवाल्यांच्या नाकातोंडात जाते आणि खोकल्याबरोबर रुमालात परत येते. काशिनाथचा रुमाल रोज लाल व्हायचा, बायको नंदा तो रोज धुवायची, आणि त्यांच्या संसारात यावर कधी चर्चा झाली नव्हती.

पण गेल्या सोमवारी नंदा एकाएकी हट्टाला पेटली. "डॉक्टराकडे चला." काशिनाथने परोपरीने समजावलं. खोकला जुना, धूळ जुनी, मग नवीन काय घडलं? ट्रकची चावी तेवढी तिने पदराला बांधली आणि निवांत भाजी चिरायला बसली. पदराशी भांडण्याइतका काशिनाथ शूर नव्हता. तो तिच्याबरोबर आला. थुंकी तपासायला दिली, छातीचा फोटो काढला.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "काशिनाथ, ही धूळ नाही. रक्त आहे. तुम्हाला क्षय झालाय."

काशिनाथचं हसू गेलं. तो घाबरला, आणि घाबरून त्याने आधी नंदाकडेच पाहिलं.

"पण अगदी सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या न चुकता घ्या, ठणठणीत बरे व्हाल. धूळ धूळ करत बसला असतात, तर मात्र कठीण होतं."

काशिनाथच्या जिवात जीव आला. लगेच त्याने गोळ्या जेवणाआधी की नंतर ते दोनदा विचारून घेतलं.

डॉक्टर नंदाकडे वळल्या. "रुमाल तर तुम्ही रोजच लाल बघत होता. मग त्याच दिवशी कसं कळलं?"

नंदा संकोचली. एवढ्या शिकलेल्या बाईला हे काय सांगायचं, असं तिला वाटलं.

"खाणीच्या मातयेचो डाग बावीस वर्सांत कसल्याच साबणान गेलो नाय, डॉक्टरबाय," ती म्हणाली. "त्या दिसाचो नुसत्या पाण्यान गेलो."